हॉलमधलं घुबड उतरवायचं का? (चित्रांतले पक्षी आणि त्यांचे अर्थ)

सोनचाफा
माझे धाकटे दीर गेल्या महिन्यात अथेन्सला जाऊन आले. येताना माझ्यासाठी एक फ्रेम आणली. प्राचीन अथेन्सच्या चांदीच्या नाण्याचं मोठं केलेलं चित्र आहे, आणि नाण्यावर घुबड. अंग बाजूनं दिसतं, पण तोंड थेट आपल्याकडे. दोन वाटोळे डोळे, मागे ऑलिव्हची डहाळी, बारीकशी चंद्रकोर आणि पुढे तीन ग्रीक अक्षरं. मला ते पाहताक्षणी आवडलं. हॉलमध्ये लावलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं लक्ष गेलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, दिवेलागणीला नेमकी त्याच्यावरच नजर जाते. घुबड घरात नको गं." मी ते उतरवून कपाटात ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती, तिथे वाद घालवेना.

पण तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. ग्रीकांना या पक्ष्यात ज्ञानाची देवी अथेना दिसली आणि आपल्याला मरण दिसलं. मग अर्थ पक्ष्यात असतो की बघणाऱ्यात? चित्रात, शिल्पात, साडीवर, कुठेही असा एखादा पक्षी तुम्हाला भेटला असेल तर सविस्तर लिहा.

टिटवी
आमच्या बंगाली शेजारणीकडे कोजागरीला लक्ष्मीची पूजा असते, तेव्हा देवीच्या पायाशी पांढरं घुबड असतंच. अथेन्स लांब राहिलं, कोलकात्यापर्यंत गेलात तरी अर्थ बदलतो.

रानवाटा
धागा मनापासून आवडला. पंचवीस वर्षं पक्षी बघतोय, म्हणून माझं ठाम मत मांडतो. जुन्या माणसांनी आधी पक्षी नीट पाहिला, अर्थ त्यातून काढला.

घुबडाला काळोखात दिसतं. म्हणून ते ज्ञानी. तेच घुबड पडक्या वाड्यात, जुन्या वडाच्या ढोलीत, स्मशानाजवळच्या झाडावर राहतं, कारण उंदीर आणि निवांतपणा दोन्ही तिथे मिळतात. म्हणून ते अशुभ. दोन्ही अर्थ त्याच्या खऱ्या सवयींतूनच आले आहेत. कोणी कुठली सवय उचलली एवढाच फरक.

दुसरं उदाहरण पेलिकनचं. युरोपातल्या चर्चमध्ये पेलिकन स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजताना कोरलेला असतो. ते ख्रिस्ताच्या बलिदानाचं प्रतीक. प्रत्यक्षात तो पक्षी चोचीखालची पिशवी रिकामी करताना चोच छातीवर दाबतो, आणि त्यांच्यातल्या एका जातीची ही पिशवी विणीच्या काळात लालभडक होते. लांबून बघणाऱ्याला रक्त वाटणारच.

मास्तर
रानवाटा, तुमचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण पूर्ण पटत नाही. दोन मुद्दे.

पहिला चीनचा. १९७६ साली आन्यांग इथे फू हाओ या राणीची कबर सापडली. ती शांग राजा वू डिंगची पत्नी आणि स्वतः सैन्य घेऊन लढायला जाणारी सेनानी. काळ साधारण इ. स. पू. १२००. तिच्या कबरीत कांस्याची दोन मद्यपात्रं मिळाली, दोन्ही घुबडाच्या आकाराची. ताठ उभी, भक्कम पायांची, शेपटी टेकवून तिसरा पाय केलेली. लढवय्या राणीसोबत ठेवलेलं घुबड म्हणजे मानाचंच घुबड. पुढे हान घराण्याच्या काळापर्यंत त्याच चीनमध्ये घुबड अपशकुनी ठरलं. पक्ष्याच्या सवयी तर हजार वर्षांत बदलल्या नाहीत. बदलली ती माणसं.

दुसरा मुद्दा गंडभेरुंडाचा. दोन डोक्यांचा पक्षी कोणी पाहिलाय? तरी तो तुर्कस्तानात अलाजा हुयुक इथल्या प्राचीन हित्ती लोकांच्या शिल्पात आहे, तक्षशिलेच्या सिरकपमध्ये स्तूपाच्या चौथऱ्यावर आहे, बायझंटाईन आणि रशियन राजचिन्हात आहे, विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर आहे आणि आज कर्नाटकच्या राजमुद्रेत आहे. आपल्या काही किल्ल्यांच्या दरवाजांवरही तो कोरलेला दिसतो, हत्ती पकडलेला. तिथे निरीक्षणाचा काही संबंध नाही. तिथे सत्ता बोलते. दोन्ही दिशांना माझी नजर आहे, हे सांगायला राजाला तसा पक्षी हवा होता, म्हणून तो घडवला.

रानवाटा
मास्तर, गंडभेरुंडाचा मुद्दा मान्य. तो माझ्या यादीत बसत नाही. फू हाओबद्दल प्रथमच कळलं, धन्यवाद.

खडूफळा
मी शाळेत चित्रकला शिकवते. नववीच्या मुलांना दरवर्षी एक चित्र दाखवते, इटलीच्या राफाएलचं. मेरी बसली आहे, तिच्या गुडघ्यांशी दोन लहान मुलं, एक योहान आणि एक येशू. योहानाच्या हातात इवलासा गोल्डफिंच पक्षी आहे आणि येशू त्या पक्ष्याच्या डोक्यावरून हात फिरवतोय. मुलं विचारतात, "बाई, यात काय एवढं?" मग मी पक्ष्याच्या तोंडावरचा लाल ठिपका दाखवते. हा पक्षी काटेरी झुडपांचं बी खातो. युरोपात दंतकथा अशी, की येशूच्या डोक्यावरच्या काटेरी मुकुटातला काटा उपसताना रक्ताचा थेंब याच्या तोंडावर पडला. म्हणजे खेळणाऱ्या बाळाच्या हाताखाली त्याचं पुढचं मरण ठेवलं आहे. हे कळल्यावर वर्ग एकदम शांत होतो, दर वर्षी.

(अवांतर: चित्र रंगवल्यावर चाळीसेक वर्षांत मालकाचं घर कोसळलं आणि याचे सतरा तुकडे झाले. ते जोडले गेले. अलीकडचा मोठा जीर्णोद्धार २००८ साली पूर्ण झाला. फ्लोरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहे.)

तेव्हा या बाबतीत मी रानवाटांच्या बाजूनं. काटे खाणारा पक्षी आहे, म्हणून काट्यांची गोष्ट त्याला चिकटली.

मोराचंही तसंच. आपल्याकडे मोर म्हणजे पाऊस, कार्तिकेय, कृष्णाचं पीस. सुरुवातीच्या ख्रिस्ती कलेत तो अमरत्वाचं चिन्ह होता. मोराचं मांस कुजत नाही अशी समजूत होती, आणि संत ऑगस्टीननं कार्थेजमध्ये ते स्वतः पाहिल्याचं लिहून ठेवलंय. शिवाय मोर दरवर्षी पिसं गाळतो आणि नवी आणतो. नवा जन्मच तो.

पावशा
घुबड परत लावा हो ताई. एकविसाव्या शतकात चित्राला काय घाबरायचं!

ओवी
पावशा, वयस्कर माणसाच्या भीतीला असं झटकून टाकू नये असं मला वाटतं. मी स्वतः शकुन-अपशकुन मानत नाही, तरी एक सांगते.

माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला आम्ही घाटावर होतो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या पिंपळावर बसलेले, एकही खाली येईना. पाऊण तास गेला. भटजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात होते. तेवढ्यात काका पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "दादा, धाकटीचं शिक्षण थांबणार नाही, मी बघतो." पुढच्याच मिनिटाला कावळा उतरला. भाताचं शित उचलून गेला.

तुम्ही योगायोग म्हणा, मीही म्हणते. पण काकांनी ते वाक्य चारचौघांत उच्चारलं आणि पुढे सात वर्षं पाळलं. कावळा नसता तर ते बोलले असते का, मला सांगता येणार नाही. त्या दिवसापासून खिडकीत कावळा आला की मी पोळीचा तुकडा ठेवते.

आणि हाच कावळा ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत शुभशकुन घेऊन येतो. पाहुणा पंढरीचा आहे, म्हणून त्याचे पाय सोन्यानं मढवायचं वचन त्याला मिळतं. म्हणजे एकाच मराठी मनात कावळा पितरांचाही आहे आणि सख्याचा निरोप्याही. दोन्हीकडे तो निरोपच पोचवतो, हे मला आत्ता लिहिताना जाणवलं.

टिटवी
ओवी, वाचून डोळे भरले.

अनिकेत_व्हँकुव्हर
ओवीताई, तुमच्या कावळ्याला इथला भाऊ भेटवतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैडा लोकांचा डोमकावळा. तो जगाचा कर्ता आहे, लबाड आहे, भुकेला आहे आणि कुतूहलानं नुसता फुटतोय. पेटीत कोंडून ठेवलेला उजेड यानंच चोरून जगाला दिला.

इथल्या विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात बिल रीड या हैडा शिल्पकाराचं १९८० सालचं लाकडी शिल्प आहे. पिवळ्या सीडरचं, माणसाहून उंच. एक प्रचंड शिंपला, त्यावर पंख पसरून बसलेला डोमकावळा आणि शिंपल्यातून बाहेर यायला धडपडणारी पहिली माणसं. एकाचं नुसतं डोकं दिसतं, एकाचं ढुंगण, कोणी घाबरून परत आत शिरतंय. कावळा त्यांना गोड बोलून बाहेर काढतोय. कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवरही मधली काही वर्षं हे शिल्प होतं.

माझी आई इथे आली तेव्हा तिला दाखवायला नेलं. बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "आपल्याकडे शेवटी येतो, यांच्याकडे सुरुवातीला आला."

मास्तर
अनिकेत, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

काठपदर
सगळे दगडाचं आणि कॅनव्हासचं लिहिताय, मी कापडाचं लिहिते. माझं माहेर पैठणजवळचं. पैठणीवर पक्षी नाहीत असं क्वचित होतं. काठावर मुनिया असते (नाव मुनिया, पण विणकर जे विणतात तो हिरवा राघूच असतो), पदरावर बांगडी मोर, कुठे तोता-मैना, कुठे हंस. हे सगळं लहान लहान कांड्यांवरच्या रंगीत रेशमानं एक एक धागा गुंतवत भरतात. आईची पैठणी मी उलटून पाहते तेव्हा मागच्या बाजूचा राघूही पुढच्याइतकाच स्वच्छ असतो, चोचीचा लाल ठिपकासुद्धा. कुठे लोंबता धागा नाही.

जुन्या नक्ष्यांत एक नाव आहे, हुमापरिंदा. लहानपणी मला वाटायचं हुमा म्हणजे कोणी बाई असेल. मोठेपणी कळलं की हुमा हा इराणी कल्पनेतला पक्षी. तो जमिनीवर उतरत नाही आणि ज्याच्यावर त्याची सावली पडते तो राजा होतो. टिपूच्या सिंहासनावर छत्राच्या टोकाला सोन्याचा, रत्नजडित हुमा होता. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इंग्लंडला गेला, आजही तिथल्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. आणि इकडे गोदाकाठी त्याच पक्ष्याचं नाव नवरीच्या पदरावर येऊन बसलं. राजाचा पक्षी लग्नातल्या मुलीच्या खांद्यावर, ही कल्पना मला फार आवडते. त्या दिवशी राणी तीच असते.

रानवाटा
काठपदर, हुमा काल्पनिक वाटला तरी फारसीत 'होमा' हे एका खऱ्या पक्ष्याचंही नाव आहे. दाढीवालं गिधाड. हिमालयात मी ते पाहिलंय. हाडं उंचावरून खडकांवर टाकून फोडतं आणि हाडंच खातं. फारसी कवी सादीनं लिहिलंय की हुमा सर्व पक्ष्यांत श्रेष्ठ, कारण तो हाडं खातो आणि कुणाला इजा करत नाही. म्हणजे राजानं कसं असावं याचा धडा एका गिधाडाकडून घेतलाय! तेव्हा निरीक्षणाचा माझा मुद्दा अजून सोडत नाही.

हंसाबद्दलही सांगायचं होतं. आपल्या जुन्या कलेतला हंस म्हणजे लांब वाकड्या मानेचा, पांढराशुभ्र विलायती हंस नव्हे. तो भारतात चुकूनमाकूनच येतो. अनेक अभ्यासकांच्या मते आपला हंस म्हणजे रानहंस, विशेषतः पट्टकदंब. तिबेट-लडाखकडे वीण करतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. सात हजार मीटरवरून उडाल्याची नोंद आहे. मानससरोवराचा हंस, देह सोडून जाणारा 'हंस' म्हणजे जीव, हे सगळं दरवर्षी येऊन परत जाणाऱ्या पक्ष्याला किती चपखल बसतं पाहा. काठपदर, तुमच्या पैठणला, जायकवाडीच्या पाण्यावर, तो थंडीत येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे, ओळखायला सोपा.

खडूफळा
अगदी खरं! अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हंसजातक आहे. हंसांचा राजा जाळ्यात सापडतो, सगळा थवा उडून जातो, एकटा सेनापती सुमुख मागे राहतो. त्याची निष्ठा पाहून पारध्याचं मन द्रवतं. तिथले हंस बसक्या अंगाचे आहेत, साधे, थव्यातले. पुढे राजा रविवर्म्यानं १८९९ मध्ये दमयंतीला निरोप सांगणारा हंस रंगवला, तो मात्र थेट युरोपी बागेतला. रविवर्म्याचा छापखाना आधी घाटकोपरला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला होता. त्या काळच्या छापील चित्रांनी पांढरा हंस घरोघरी पोचवला. आज वर्गात "हंस काढा" म्हटलं की चाळीसही मुलं तोच काढतात. चित्र सुंदर आहे यात शंका नाही, पण त्यात आपला प्रवासी पक्षी हरवला याची मला हळहळ वाटते.

दर्यावर्दी
मी मूळचा गोव्याचा, बोटीवर नोकरी. लंडनला मुक्काम होता तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक मुघल चित्र पाहिलं, टर्कीचं. जहांगीरचा चित्रकार उस्ताद मन्सूर. १६१२ साली बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून अजब प्राणी-पक्षी घेऊन दरबारात आला, त्यात हा होता. अमेरिकेतला पक्षी पोर्तुगीजांच्या जहाजांनी गोव्यात आणि तिथून आग्र्याला! जहांगीरनं त्याच्या डोक्या-मानेचे रंग कसे बदलतात ते लिहून ठेवलंय, कधी पोवळ्यासारखं लाल, कधी कापसासारखं पांढरं, मधेच फिरोजी. आणि म्हणतो, बाबरानं प्राण्यांची वर्णनं केली पण चित्रं काढवली नाहीत, म्हणून मी काढवतो.

या चित्रात प्रतीक-बितीक काही नाही. मानेच्या सुरकुत्यासुद्धा मोजून काढल्यासारख्या आहेत. मन्सूरचंच मानलं जाणारं डोडोचं एक चित्र सेंट पीटर्सबर्गला आहे. तो तर नंतर पृथ्वीवरूनच गेला. आज डोडो म्हणजे नामशेष होणं, पण चित्रकारासमोर तो एक जिवंत पक्षी होता, बाकी काही नाही.

मास्तर
दर्यावर्दी, फार मोलाचा मुद्दा. प्रतीक न करताही पक्षी रंगवता येतो. आणि प्रतीक केलं की ते खरं ठरेलच असं नाही, याचं एक उदाहरण मला चटका लावून जातं. चीनचा सम्राट हुइझोंग स्वतः उत्तम चित्रकार. १११२ साली राजवाड्याच्या दरवाजावर क्रौंचांचा थवा घिरट्या घालताना दिसला. चीनमध्ये क्रौंच म्हणजे दीर्घायुष्य आणि शुभ. त्यानं ते दृश्य रेशमावर रंगवलं. निळसर आकाश, खाली फक्त छपराची कड आणि वीस क्रौंच, त्यांतले दोन छपराच्या टोकांवर उतरलेले. शेजारी स्वतःच्या हस्ताक्षरात कविता. पंधरा वर्षांनी, ११२७ मध्ये, जुर्चेन लोकांनी राजधानी घेतली आणि सम्राटाला कैद करून उत्तरेला नेलं. तो तिकडेच वारला. शकुन खोटा ठरला, चित्र नऊशे वर्षं टिकलं.

रानवाटा
सोनचाफाताई, मूळ प्रश्न मागेच राहिला, म्हणून परत येतो. त्या नाण्यावरचं घुबड कुठलं माहीत आहे? छोटं घुबड, शास्त्रीय नाव अथेने नॉक्टुआ. नावाचा पहिला भागच देवीवरून. आणि आपल्याकडे संध्याकाळी तारेवर बसून मान खालीवर करणारा, चिरक-चिरक ओरडणारा पिंगळा म्हणजे अथेने ब्रामा. दोघं एकाच कुळातले, सख्खे चुलतभाऊ. तिसरा भाऊ रानपिंगळा. १८८४ नंतर तो कुणालाच दिसला नव्हता. तब्बल ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, आपल्याच शहाद्याजवळच्या जंगलात परत सापडला.

सासूबाईंना "घुबड" म्हणू नका, "पिंगळा" म्हणून दाखवा. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा याच पक्ष्याच्या नावानं ओळखला जातो, त्याला पाखरांची भाषा कळते असं म्हणत.

आणि एक गंभीर गोष्ट. शुभ मानणाऱ्यांकडूनही घुबडांचे हाल होतात. दिवाळीच्या सुमारास लक्ष्मी प्रसन्न व्हावी म्हणून काही भागांत त्यांचा बळी देतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हे गुन्हा आहे, तरी चालतं. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशन घुबड महोत्सव भरवतं. शाळेची मुलं तिथे घुबडं रंगवतात. जमलं तर मुलीला घेऊन जा.

सोनचाफा
काल रात्री जेवणं झाल्यावर आईंना हा धागा वाचून दाखवला. कावळ्याच्या प्रतिसादापाशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. हुमाचं ऐकून कपाटातली स्वतःची पैठणी काढून पाहिली. त्यावर हुमा नाही, राघू आहेत.

पिंगळ्याचं वाचलं तेव्हा काही बोलल्या नाहीत. सकाळी चहा घेताना आपणहून सांगू लागल्या. कऱ्हाडकडच्या त्यांच्या गावी पहाटे अंधारात पिंगळा यायचा. हातात कंदील, खांद्याला झोळी, कुडमुडं वाजवत. यांची आई उठून सुपातून जोंधळे आणायची आणि या आईच्या लुगड्यामागे लपून बघायच्या. एकदा त्यानं कंदील वर करून यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही पोर लिहील-वाचील." घरात तोवर एकही मुलगी शाळेत गेली नव्हती. पुढच्या जूनला वडिलांनी नाव घातलं. आई सातवी झाल्या आणि बालवाडीत एकतीस वर्षं शिकवलं.

मग म्हणाल्या, "आण बघू तुझं ते नाणं." चष्मा लावून फ्रेम मांडीवर घेतली. डोळ्यांवरून बोट फिरवलं. "हा पिंगळाच की. तू घुबड का म्हणत होतीस?"

हॉलमध्ये नको हे अजून आहेच, आणि मला ते मान्य आहे. फ्रेम आता लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. खिळा कुठे ठोकायचा ते आईंनीच दाखवलं.

रानवाटा, आमच्या मागच्या आंब्यावर संध्याकाळी दोन पिंगळे बसतात, आवाज तुम्ही लिहिलात तसाच. ते जोडपं असेल का?

रानवाटा
जवळजवळ नक्की जोडपंच. विणीचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल. आंब्याला ढोली आहे का बघा, आणि या वर्षी ती वाळकी फांदी तोडू नका. पिल्लं बाहेर आली की आईंना दाखवा.